पुंगळ्यांचा हिशोब

"मामा, चार गोळ्या लागल्या. चारही छातीत. तरी मेला नाही तो!"

भाच्याने मोबाइल माझ्या नाकाशी धरला. पडद्यावर निकालाचं पान होतं. डॅमेज ९८, फिनिश ०. दोन मार्कांनी नापास झालेल्या पोराचा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता. प्रकरण खरं तर दोनाहूनही कमी मार्कांचं होतं.

गेल्या दिवाळीतली, धनत्रयोदशीच्या दुपारची ही गोष्ट. पुण्यात बोपोडीला बहिणीकडे गेलो होतो. सोसायटीच्या अंगणातल्या किल्ल्यावर आळीव उगवून वर आले होते, सिंहासनावर महाराज बसले होते, आणि ज्यांनी माती कालवून तो किल्ला उभा केला ते चौघे मावळे पार्किंगच्या कट्ट्यावर माना खाली घालून ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळत होते. कागदोपत्री नाव हे. पोरांच्या तोंडी अजून ‘पब्जी’च.

भाचा अकरावीला आहे. गणिताच्या वहीला तो सहसा हात लावत नाही, पण या खेळासाठी त्याची वेगळी शंभरपानी वही आहे, पट्टीने रेघा मारून रकाने आखलेली. बंदूक, नुकसान, दोन गोळ्यांमधला वेळ, कोणते भाग बसतात, कोणते नाही. त्या वहीतून आम्ही त्या न मेलेल्या माणसाचा पंचनामा केला.

समोरच्याचा जीव १००. भाच्याकडची बंदूक एम-४१६, तिच्या एका गोळीचं नुकसान ४१. समोरच्याच्या अंगात दुसऱ्या पातळीचं चिलखत, पोरांच्या भाषेत ‘लेव्हल टू व्हेस्ट’. ते नुकसानातले ४० टक्के गिळतं. उरले २४.६. गुणिले चार, ९८.४. म्हणजे तो गडी १.६ जीव घेऊन भिंतीआड गेला, मलमपट्टी करून परत आला आणि भाच्यालाच आडवा करून गेला.

"एकेएम असती तर?" मी विचारलं.

त्याने पान उलटलं. एकेएमचं नुकसान ४९. चाळीस टक्के वजा, २९.४. गुणिले चार, ११७.६. चौथ्या गोळीला खेळ खलास.

हे आकडे पक्के नव्हेत हे आधीच सांगून ठेवतो. अपडेट आला की एखाद-दोन अंक इकडचे तिकडे होतात, पोटाला छातीपेक्षा कमी लागतं, हातापायांना त्याहून कमी, आणि अंतर वाढलं की गोळीचा जोरही उतरतो. पण हिशोबाची रीत तीच राहते, आणि मला त्या रीतीतच रस वाटू लागला. कारण बंदूक उचलली की खेळ पडद्यावर चार आडव्या पट्ट्या दाखवतो: जोर, पल्ला, वेग, स्थिरता. पट्टी लांब ती बंदूक भारी, असं नवखा समजतो. मीही समजलो होतो. भाच्याने वहीचं पुढचं पान दाखवलं तेव्हा तो समज गेला.

समोरच्याच्या अंगात चिलखतच नसेल तर काय होतं पाहा. एकेएमच्या दोन गोळ्या ९८. पुन्हा दोन जीव उरलेच. तिसरी मारावीच लागते. एम-४१६च्या दोन गोळ्या ८२, तिलाही तिसरी लागते. मग ४९ आणि ४१ यांतला फरक गेला कुठे? कुठेच नाही, वाया गेला. उलट एम-४१६च्या दोन गोळ्यांत ०.०८६ सेकंदाचं अंतर, एकेएमच्या दोहोंत ०.१ सेकंदाचं. पहिली गोळी शून्यावर धरली तर एम-४१६ तिसरी गोळी ०.१७२ सेकंदाला पोचवते, एकेएम ०.२ला. उघड्या अंगाच्या माणसापुढे ‘कमी जोराची’ बंदूक जिंकते. पहिल्या पातळीचं, तीस टक्क्यांचं चिलखत घातलं की डाव उलटतो: एकेएम तीन गोळ्यांतच काम करते, १०२.९, अगदी काठावर. एम-४१६ला चार लागतात. तिसऱ्या पातळीच्या, पंचावन्न टक्क्यांच्या चिलखताला पाच विरुद्ध सहा. वेळ मोजला तर ०.४ सेकंद विरुद्ध ०.४३. फरक आहे, पण पापणी लवायला याहून जास्त वेळ लागू शकतो.

थोडक्यात, पट्टीवरचा आकडा बंदुकीचा असला तरी त्याचा अर्थ समोरच्याच्या अंगावर ठरतो. अर्धी गोळी मारता येत नाही, म्हणून ४१ आणि ४९ कधी सारखे ठरतात तर कधी जमीन-अस्मानाइतके वेगळे. चौघांपैकी तिघांना हे तोंडपाठ होतं. चौथा, एम-४१६ला ‘एम फोर’ म्हणणारा, म्हणाला, "मी काय बघत नाय, मला एम फोर आवडते." तोच त्या चौघांत सगळ्यात चांगला खेळतो, हेही नोंदवून ठेवतो.

या जातीच्या खेळांचं मूळ लष्करी कवायतीच्या एका खेळात सापडतं. झेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा ‘आर्मा २’ हा तो खेळ. न्यूझीलंडच्या सैन्यातला डीन हॉल ब्रुनेईच्या जंगलात तगून राहण्याच्या प्रशिक्षणाला गेला होता. तिथली उपासमार आणि हाल अंगात भिनवून त्याने २०१२ साली ‘आर्मा २’वर ‘डेझी’ नावाचं कलम केलं. त्यात भूक लागते, तहान लागते, जखम चिघळते. पुढे स्वतंत्र खेळ झालेल्या डेझीत बंदुकीचीही अवस्था असते, नवीकोरी ते पार निकामी अशी पाच पायऱ्यांची. झिजलेली बंदूक ऐन वेळी अडकते. मॅगझिनमध्ये गोळ्या एकेक करून भराव्या लागतात, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी येतं.

त्या डेझीवर आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनने आणखी एक कलम चढवलं. जपानी दिग्दर्शक किंजी फुकासाकूच्या २००० सालच्या ‘बॅटल रॉयल’ या सिनेमावरून त्याला कल्पना सुचली होती: सगळ्यांना एका बेटावर सोडायचं आणि शेवटी एकच उरेपर्यंत थांबायचं नाही. हाच ग्रीन पुढे दक्षिण कोरियाला गेला आणि मार्च २०१७मध्ये ‘पब्जी’ संगणकावर आली. वर्षभरात ती मोबाइलवर आली आणि भारतातल्या गल्लोगल्ली पोचली. पुढचं आपल्याला ठाऊक आहेच. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपांवर बंदी घातली, त्यात ही होती. २ जुलै २०२१ला कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ती भारतापुरत्या नव्या नावाने आणली. २८ जुलै २०२२ला ती पुन्हा गायब झाली, २९ मे २०२३ला पुन्हा उगवली. भारतीय अवतारात रक्त हिरवं निघतं आणि ‘किल’ऐवजी ‘फिनिश’ लिहितात. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास. भाच्याची वही बंदीच्या मधल्या दहा महिन्यांतली आहे. खेळता येत नव्हतं म्हणून त्याने आकडे लिहून काढले. मला ते फार आवडलं. गाणं बंद झाल्यावर माणूस शब्द लिहून ठेवतो, तसं ते वाटलं.

तर बंदुकीचे भाग.

शंभर माणसं विमानातून उडी मारतात, आठ किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद बेटावर उतरतात, आणि उतरताना हात रिकामे असतात. बंदूक एका घरात सापडते, तिचं मॅगझिन दुसऱ्यात, दुर्बीण तिसऱ्यात. या खेळातली बंदूक आयती मिळत नाही, वेचून जुळवावी लागते, आणि जुळवेपर्यंत जगावं लागतं. एम-४१६ला पाच जागा असतात: तोंडाशी एक, पुढच्या हाताच्या मुठीला एक, मॅगझिन, मागचा दस्ता आणि वरची दुर्बीण. एकेएमला तीनच, मूठ नाही की दस्ता नाही. एकेएम हा भाकरी-पिठल्याचा डबा आहे, उघडा आणि जेवा. एम-४१६ म्हणजे पाच वाट्यांचं ताट, आणि पाचही वाट्या वेगवेगळ्या घरांत. ताट पूर्ण झालं तर पंगत तुमची, पण तोवर उपाशी.

हे कितपत खरं, ते पाहायला आम्ही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पूजेआधीच्या मोकळ्या तासाभरात खेळातल्या सरावाच्या मैदानात गेलो. तिथे सगळ्या बंदुका आणि सगळे भाग मांडून ठेवलेले असतात, आणि गोळ्यांची छिद्रं दाखवणाऱ्या भिंती असतात. भाचा म्हणाला, "आधी नुसती मार. अंगठा हलवू नको." मी भिंतीसमोर उभा राहून एम-४१६चं तीस गोळ्यांचं मॅगझिन एका दमात रिकामं केलं. पहिलं छिद्र छातीच्या उंचीवर होतं. पाचवं-सहावं डोक्याच्या. त्यानंतरची छिद्रं भिंतीवर वर वर चढत गेली, सरळ रेघेत नव्हे, जरा डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे, भिंतीवर चढणाऱ्या सापासारखी. शेवटच्या गोळ्या भिंतीवरून आभाळात गेल्या.

"आता बघ." त्याने तोंडाशी कॉम्पेन्सेटर बसवला, मूठ बसवली, दस्ता बसवला. पुन्हा तीस गोळ्या. साप होताच, पण आता तो आखडून बसलेला होता. छिद्रं एकमेकांत मिसळली होती.

हे आमचं चाललेलं असताना खालच्या मजल्यावरचे काका उटण्याची पुडी द्यायला वर आले होते, ते मागे उभे राहून बघत होते. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. कारखाना १८६९ सालचा. काकांची सगळी नोकरी तपासणीत गेली. काडतुसं मोजणं, तोलणं, झाडून बघणं आणि रजिस्टरमध्ये लिहिणं. चाळीस वर्षांत त्यांनी घरी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता, असं काकू सांगतात. मोबाइलमधल्या भिंतीवरचा साप बघून मात्र ते खुर्ची ओढून बसले.

"बंदुकीचं तोंड वर का जातं, सांग."

भाच्याने "रिकॉइल" एवढंच उत्तर दिलं. काकांनी खिशातलं पेन काढलं, टोक पुढे करून खांद्याला टेकवलं, पण जरा खाली. "गोळी पुढे जाते, तेवढाच धक्का मागे येतो. तो येतो नळीच्या रेषेत. त्याला अडवणारा खांदा असतो त्या रेषेच्या खाली. मग काय होणार?" त्यांनी पेनाचं टोक मागे रेटलं. टोक वर उठलं. "आणि हे तुझं काय आहे तोंडाशी?"

"कॉम्पेन्सेटर."

"त्याला वरच्या बाजूने भोकं असणार. गॅस वर सुटतो, तोंड खाली दाबतो. बरोबर आहे."

भाच्याला या खेळातली एखादी गोष्ट बरोबर असल्याचं घरात पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं.

कॉम्पेन्सेटरच्याच जागी फ्लॅश हायडर बसतो किंवा सायलेन्सर बसतो. तिन्ही एकदम बसत नाहीत. फ्लॅश हायडर तोंडाशी उडणारी ठिणगी लपवतो आणि धक्काही थोडा कमी करतो. सायलेन्सर धक्क्याला हात लावत नाही, आवाज मारतो. मोबाइलवरच्या खेळात हे फार मोलाचं, कारण कोपऱ्यातल्या नकाशावर गोळी कुठून सुटली याची खूण उमटते. सायलेन्सर लावला की ती खूण लपते. काकांना हे पटलं नाही. गोळी आवाजाच्या वेगापुढे गेली की ती जाताना कडाडतेच, नळीला काहीही बांधा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, आणि वहीत एम-४१६च्या गोळीचा वेग ८८० लिहिलेला. भाच्याने वहीत आणखी खाली बोट ठेवलं: व्हीएसएस, ३३०. सायलेन्सर अंगातच असलेली ती बंदूक. काका वहीकडे बघत राहिले. म्हणाले, "कोरियात कोणीतरी अभ्यास केलाय."

मुठींवर मात्र खरा वाद झाला. उभी मूठ वर जाणारा धक्का कमी करते, तिरकी मूठ डावी-उजवीकडचा. नवखा उभी घेतो, कारण वर जाणारा साप त्याला दिसतो. वहीत भाच्याने लाल पेनाने उलटं लिहिलं होतं, आणि त्याचं कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणं वाटलं. वर जाणारा धक्का दर वेळी वरच जातो. तो आधी ठाऊक असतो, म्हणून अंगठा खाली ओढून तो मोडता येतो. डावी-उजवीकडचा धक्का कधी इकडे, कधी तिकडे जातो. त्याचा अंदाज येत नाही, म्हणून हातानेही मोडता येत नाही. जे हाताने जमतं त्यासाठी भाग कशाला खर्च करायचा? जे जमत नाही तिथे भाग लावायचा. अर्थात अंगठा तयार असेल तरच. ज्याचा अंगठा कच्चा आहे त्याने उभी मूठच घ्यावी, मी घेतो.

अंगठ्याबरोबर हल्ली मनगटही आलं आहे. फोनमधला जायरोस्कोप चालू केला की फोन जितका झुकवाल तितका नेम झुकतो. गोळ्या सुटल्या की पोरं फोन हळूच पुढे झुकवतात, ताटातली आमटी सांडू नये म्हणून ताट सावरावं तसा. लांबून बघणाऱ्याला वाटतं पोरगं पेंगतंय. चौघांच्या चौघांच्या ‘सेन्सिटिव्हिटी’चे आकडे वेगळे, दुर्बिणीगणिक वेगळे, आणि ते एकमेकांना सांगताना आईच्या मसाल्याचं प्रमाण सांगावं तसे सांगतात. हेही बंदुकीचे भागच म्हणायचे, फक्त ते बेटावर सापडत नाहीत.

मॅगझिनचं गणित सोपं आहे. वाढीव मॅगझिन लावलं की तिसाच्या चाळीस गोळ्या होतात. दहा गोळ्यांनी काय होतं? समोर चौघांची टोळी असेल, चौघांच्या अंगात दुसऱ्या पातळीची चिलखतं असतील, तर एम-४१६ला प्रत्येकी पाच, म्हणजे वीस गोळ्या अंगात लागायला हव्यात. तीसमध्ये दहा चुकल्या तर चालतं. चाळीसमध्ये वीस. चुकायची मुभा दुप्पट. गोळ्या भरायला बसलात की मेलात, हे पहिल्या आठवड्यात कळतं.

दुर्बिणींवर मी वेळ घालवणार नाही. मोठी दुर्बीण म्हणजे चांगली दुर्बीण असं नाही, घरात घुसताना आठपटीची दुर्बीण लावणारा दाराच्या कडीशीच मरतो, इतकं पुरे.

लांब पल्ल्याच्या बंदुकांचं जग वेगळं. तिथे पोरांची लाडकी कार-९८के, जर्मनीच्या माउझर घराण्यातली १९३५ सालची रायफल. एक गोळी, मग कडी ओढा, मग दुसरी. हिचं नुकसान ७९ आणि डोक्याला लागली तर अडीचपट, १९७.५. दुसऱ्या पातळीचं हेल्मेट चाळीस टक्के गिळतं, तरी ११८.५ उरतात. खलास. तिसऱ्या पातळीचं पंचावन्न टक्के गिळतं, उरतात ८८.९. जिवंत! म्हणून तिसऱ्या पातळीचं हेल्मेट दिसलं की पोरं भांडतात. त्यालाही उत्तर आहे: विमानातून पडणाऱ्या पेटीतली, म्हणजे ‘ड्रॉप’मधली एडब्ल्यूएम. १०५ गुणिले अडीच, त्यातले पंचावन्न टक्के वजा, ११८.१. आकडा पुन्हा तोच, एकशे अठराच्या आसपास. हा योगायोग नसावा असं मला वाटतं. कोणीतरी कोरियात बसून पायऱ्या आखल्या आहेत.

पण गोळी पोचायलाही वेळ लागतो. एकेएमची गोळी सेकंदाला ७१५ मीटर जाते, खऱ्या एकेएमचा वेगही तोच. तीनशे मीटरला ०.४२ सेकंद. पळणारा माणूस सेकंदाला सहा मीटर जातो, म्हणजे तेवढ्यात तो अडीच मीटर पुढे गेलेला असतो. नेम माणसावर धरला तर गोळी त्याच्या मागच्या हवेत. मिनी-१४ची गोळी ९९० मीटर वेगाने जाते, तिला १.८ मीटर पुढे धरावं लागतं. ‘पल्ला’ नावाच्या पट्टीत हे काहीही दिसत नाही. हे शिकायला पन्नासदा चुकावं लागतं. भाचा म्हणाला दोनशेदा.

पाडव्याच्या दिवशी काका स्वतःहून आले, वाचायचा चष्मा लावून. वही मागितली. एका रकान्यावर बोट थांबलं. पाठीवरच्या पिशवीत काय किती जागा घेतं त्याचा तो रकाना होता. ५.५६ची एक गोळी ०.५, ७.६२ची ०.७.

"खरं वजन सांगू? ५.५६चं काडतूस बारा ग्रॅमच्या आसपास. ७.६२ बाय ३९चं सोळा." त्यांनी कॅल्क्युलेटर न घेता भागाकार केला. "०.७५. यांचं ०.७१. जवळपास आलं की."

मग ते एकदम चिडले. कार-९८केला ७.६२ची गोळी? ती तर ७.९२ची रायफल! आणि एकेएमची ७.६२ आणि एसएलआरची ७.६२ एकच कशी? एकीच्या काडतुसाची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, दुसरीची ५१. एकीची गोळी दुसरीत बसणारच नाही. "असं काडतूस लॉटमध्ये सापडलं असतं तर आमची चौकशी लागली असती!" भाच्याने समजावलं की इतके प्रकार ठेवले तर कोणालाच गोळ्या सापडणार नाहीत, खेळ चालणार नाही. काकांनी ते मान्य केलं, पण नाराजीने. तेवढ्यात त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं.

"ही तर आपली एसएलआर!"

खरोखर तीच होती. मूळ बेल्जियमची, इच्छापूरच्या कारखान्यात बनलेली, इन्सास रायफल येईपर्यंत भारतीय जवानाच्या खांद्यावर असलेली आणि पुढेही कितीतरी वर्षं पोलिसांच्या हाती दिसलेली रायफल. खेळात तिच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या असतात. वाढीव भाग सापडला तर वीस. काका हसले. खऱ्या एसएलआरला वीस मुळातच असायच्या. "जे सरकारने दिलं होतं ते तुम्हाला शोधावं लागतं होय?"

मी त्यांना विचारलं, खेळात सगळ्यात खोटं काय वाटतं? मला वाटलं होतं तव्याचं नाव घेतील. कारण या खेळात पाठीला लटकवलेला लोखंडी तवा बंदुकीची गोळी अडवतो, आणि पोरं तो चिलखतापेक्षा जपतात. काकांना तव्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, "तुमच्या गोळ्या सगळ्या सारख्या. दर वेळी ४१ म्हणजे ४१. खऱ्या दोन गोळ्या कधी सारख्या नसतात. दारू एक कण इकडे, एक कण तिकडे. म्हणून तर आम्हाला पगार होता."

ज्या खेळात दोन गोळ्या सारख्या नसतात तो हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या संगणकावर पाहिला. ‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’, सेंट पीटर्सबर्गच्या बॅटलस्टेट गेम्सचा. २०१७पासून लोक तो खेळतात आणि त्याला शिव्याही देतात. पब्जीतले पाच भाग इथे पोरखेळ वाटतात. इथे गॅस ब्लॉक वेगळा, बफर ट्यूब वेगळी, कडी ओढायचा खटका वेगळा. गॅस ब्लॉक काढून ठेवला तर बंदूक चालतच नाही, खेळ ती घेऊन जाऊ देत नाही. आकडेही वेगळे. इथे अचूकता ‘एमओए’त मोजतात, म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर तो २.९ सेंटिमीटर होतो. एक एमओएची बंदूक शंभर मीटरवर लिंबाएवढ्या वर्तुळात गोळ्या टाकते, पाच एमओएची छोट्या ताटलीएवढ्या. नेम कितीही चांगला असो, ताटलीत कुठे पडेल ते नशीब. काकांना हा खेळ पसंत पडला असता.

टार्कोव्हमध्ये प्रत्येक भाग काहीतरी देतो आणि काहीतरी काढून घेतो. जड सायलेन्सर धक्का कमी करतो पण बंदूक उचलायला सुस्त करतो. बंदूक किती चपळाईने उचलता येते, त्याला ते ‘अर्गोनॉमिक्स’ म्हणतात. आणि गोळीला एक आकडा नाही, दोन आहेत: नुकसान आणि भेदकता. एक ९ मिलिमीटरची गोळी आहे, तिचं नुकसान शंभरच्या वर आणि भेदकता जेमतेम दोन. उघड्या पायावर लागली तर पाय गेला, चिलखतावर लागली तर गुदगुल्या. म्हणून इथे शहाणा माणूस आधी गोळ्या ठरवतो, मग त्या गोळ्या झाडेल अशी बंदूक. पुतण्याने तीन आठवडे भाग जमवून एक बंदूक बांधली होती. तिचं नळीपासून दस्त्यापर्यंतचं कौतुक त्याने मला अर्धा तास ऐकवलं. मग तो ती घेऊन बाहेर पडला. चार मिनिटांत झुडपाआडून कोणीतरी एक गोळी मारली, पडदा काळा. इथे मेलात की बंदूकही जाते. पुतण्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि आईला विचारलं, चकल्या उरल्यात का.

भाऊबीजेच्या संध्याकाळी काका भाच्याला म्हणाले, "एक डाव मला दे."

त्यांना कोणत्याच भागात रस नव्हता. बेटावरच्या पोचिंकी गावाबाहेर उडी मारायला लावली, एका शेतघरात एसएलआर सापडली. कॉम्पेन्सेटर नाही, दुर्बीण नाही, वाढीव मॅगझिन नाही. भाचा मागून ओरडत होता, "काका, एम फोर घ्या, समोर पडलीय!" काकांनी ऐकलं नाही. एका दगडामागे आडवे झाले आणि तसेच राहिले. पाच मिनिटं, सात मिनिटं. पोरांचा जीव खालीवर. मग टेकाडावरून एक जण पळत आला. काकांनी त्याच्या पुढे, बरंच पुढे नेम धरला आणि एक गोळी सोडली. थांबले. दुसरी. थांबले. मधल्या वेळात बंदुकीचं तोंड उठायचं आणि आपोआप जागेवर यायचं. एकेक गोळी मारणाऱ्याला मूठही लागत नाही आणि दस्ताही. नवव्या गोळीला तो पळणारा पडला. कट्ट्यावर एकच आरडाओरडा झाला.

काकांनी नकाशाकडे पाहिलंच नव्हतं. बेट आवळत येणारा निळा झोन मागून आला आणि दीड मिनिटात त्यांना दगडामागेच संपवून गेला.

निकालाचं पान आलं. फिनिश १. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पान निरखून पाहिलं, वर-खाली सरकवलं, जणू काही राहून गेलंय.

"नऊ झाडल्या. पुंगळ्या कुठे?"

"म्हणजे?"

"रिकाम्या पुंगळ्या. बाहेर पडताना दिसल्या मला. रेंजवर आम्ही वाकून एकेक गोळा करायचो. झाडल्या तेवढ्या परत जमा झाल्या नाहीत तर घरी सोडायचे नाहीत."

भाचा म्हणाला, "त्या पडतात आणि गायब होतात, काका."

काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"मग रात्री हिशोब कसा लावतात?"